17 वर्षांची विंगर, आयडब्ल्यूएल क्लबचा पहिला करार: सही करण्याआधी काय काय पाहायचं?

कुडाळचा_क्रीडाशिक्षक

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या एका मुलीसाठी विचारतोय. वय 17 वर्षं 4 महिने, वजन 52 किलो, डावी विंगर (डाव्या कडेने चढाई करणारी फुटबॉलपटू), यंदा बारावीला. निवड चाचणीनंतर इंडियन विमेन्स लीग (आयडब्ल्यूएल) या देशातल्या सर्वोच्च महिला फुटबॉल लीगमधल्या एका क्लबने दोन हंगामांचा करार देऊ केलाय. आयडब्ल्यूएल 2 या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधला एक लहान क्लबही एका हंगामासाठी बोलावतोय. मोठ्या क्लबकडे तिच्या जागेवर आधीच दोन अनुभवी खेळाडू आहेत. घरचे साहजिकच मोठ्या नावाकडे झुकलेत.

करारात नेमकं काय वाचायचं? हंगाम सुरू होईपर्यंत सरावासाठी म्हणून गोव्याच्या महिला लीगमध्ये खेळली तर पुढे अडचण येईल का? आणि शरीराची तयारी कशी करून घ्यायची? आत्ता ती आठवड्यातून तीनदा जांभ्याच्या कडक मैदानावर सराव करते आणि एकदा समुद्रकाठच्या पुळणीवर धावते.

नोंदणी_खिडकी

सर, माझं मत लहान क्लबच्या बाजूचं आहे, आणि त्याला कारण निव्वळ हिशेबाचं. आयडब्ल्यूएलच्या 2024-25 हंगामात आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकी 14 सामने. सगळे पूर्ण खेळली तरी 1260 मिनिटं. तिसऱ्या पसंतीची विंगर शेवटची दहा-बारा मिनिटं उतरणार. प्रत्येक सामन्यात उतरली असं धरलं, तरी वर्षाची एकशेचाळीस ते एकशेसत्तर मिनिटं. या वयात दोन वर्षं तशी गेली की सरावात चमकणारी मुलगी सामन्यात निर्णय घ्यायला उशीर करू लागते. समोरच्या बचावपटूच्या अंगावर कधी जायचं, चेंडू कधी सोडायचा, हे सामन्यातच पक्कं होतं.

पण लहान क्लबलाही डोळे झाकून हो म्हणू नका. आयडब्ल्यूएल 2 गटवार होते, आणि गटात अडकलेल्या संघाचा हंगाम मोजक्या सामन्यांत आटोपतो. म्हणून दोघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा: राज्याची लीग धरून वर्षभरात अधिकृत सामने किती? मोठा क्लबच घ्यायचा असेल तर लोनवर (तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे खेळायला) पाठवण्याची तरतूद करारात आत्ताच घालून घ्या. तोंडी आश्वासन पुढच्या प्रशिक्षकाला बांधील नसतं.

घरच्यांना भारतीय संघाच्या मनीषा कल्याणचा प्रवास सांगा. गोकुलम केरळकडून नियमित खेळून तिने नाव कमावलं, मग 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलॉनकडे गेली आणि युरोपातल्या महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. भारताचीच बालादेवी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली 2020 मध्ये, वयाच्या 29व्या वर्षी. 17व्या वर्षी मोठ्या क्लबचं नाव हुकलं म्हणून काही बिघडत नाही. तसंही फिफाच्या नियमानुसार, मोजके अपवाद सोडले तर, 18 पूर्ण होण्याआधी परदेशी क्लबकडे बदली होत नाही.

आता करार. 18 वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांहून जास्त नसावा, त्यामुळे दोन हंगाम नियमात बसतात. पालकाची सही हवीच. रक्कम वर्षाची सांगतात, तेव्हा ती बारा महिन्यांत विभागलीय की हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत, ते बघा. 2023 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने आयडब्ल्यूएल क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3 लाख 20 हजार रुपये द्यावेत असं जाहीर केलं होतं. ही मुलगी त्या दहांत धरलीय का, हे विचारायला लाजू नका. पगाराची तारीख लिहून घ्या. सलग नसले तरी दोन महिन्यांचे पगार थकले, तर लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार मोडता येतो. मात्र तारीखच नसेल तर 'थकला' कधीपासून, यावरच वाद होतो.

सगळ्यात महत्त्वाचं कलम दुखापतीचं. 'वैद्यकीय मदत' एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया, एमआरआय आणि त्यानंतरची नऊएक महिन्यांची फिजिओथेरपी यांचा खर्च कोण करणार, करार मध्येच संपला तरी करणार का, हे स्पष्ट हवं. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या, एक मूळ प्रत घरी. कोऱ्या कागदावर सही कधीही नाही.

गोव्याबद्दल: फुकटचा सराव समजू नका. एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. कुठल्यातरी जिल्हा लीगमध्ये एका क्लबकडून खेळली, मग गोव्यात दुसऱ्या, की आयडब्ल्यूएलच्या वेळी दार बंद. शिवाय महाराष्ट्रातून गोव्यात जाणं ही आंतरराज्य बदली. तिचं सीआरएस (महासंघाची ऑनलाइन खेळाडू नोंदणी) खातं उघडून आत्ता कुठल्या क्लबचं नाव दिसतंय ते आधी पाहा. शाळेने किंवा अकादमीने परस्पर नोंदणी केलेली असते आणि ना-हरकत मिळवण्यात आठवडे जातात.

फिजिओ_रत्नागिरी

करारावर वर छान लिहिलंय, मी शरीरापुरतं लिहिते.

पहिल्या वर्षात मुली मोडतात त्या भार एकदम वाढल्याने. घरी तीन सत्रं, क्लबमध्ये गेल्या दिवसापासून सहा. आत्तापासून सहा आठवडे धरा आणि दर दोन आठवड्यांनी एकच सत्र वाढवा. नडगीचं हाड रोज सकाळी बोटाने दाबून पाहायला सांगा. दुखणं हाडाच्या कडेने लांबवर पसरलेलं असेल तर भार कमी करून बघता येतं. एकाच बोटाएवढ्या जागी टोचल्यासारखं दुखत असेल तर धावणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. तो स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर) असू शकतो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही.

जांभ्यावर लांब स्टडचे बूट नकोत. स्टड जमिनीत रुतत नाहीत, सगळा दाब टाचेवर आणि चवड्याच्या चार ठिपक्यांवर येतो. तिथे टर्फचे, बारीक रबरी गुट्ट्यांचे बूट घाला. एफजी (नैसर्गिक गवताच्या मैदानाचे स्टडवाले) बूट गवतासाठी ठेवा. कृत्रिम गवतावर पात्यासारखे स्टड नकोत: पाय जमिनीत अडकतो आणि अंग वळतं, गुडघा तिथेच जातो.

पुळणीवर धावायचं तर ओहोटीला, पाण्यालगतच्या घट्ट ओल्या वाळूत, आणि जितकं अंतर जाताना तितकंच येताना. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने धावलं तर एका बाजूच्या घोट्यावर आणि कमरेवर ताण येतो. वरची भुसभुशीत वाळू पोटऱ्या आणि टाचेची शीर दमवते. तिथे दहा-पंधरा मीटरच्या आठ-दहा छोट्या धावा पुरेत, लांब पल्ला नको. वेग खरा कडक जमिनीवरच येतो.

'फिफा 11+' हा वॉर्म-अप आठवड्यातून किमान दोनदा: 8 मिनिटं हळू धावणं, 10 मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची 2 मिनिटं वेगाने. बहुतेक ठिकाणी मधली 10 मिनिटं गाळतात, आणि गुडघा वाचवणारी तीच असतात. उडीनंतर उतरताना गुडघे आत वळतायत का, हे समोरून मोबाइलवर चित्रित करून तिलाच दाखवा.

एकदा रक्तातलं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन 30 च्या खाली असतं आणि मुलगी 'दम लागतो' म्हणत राहते. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. जेवणाबरोबरचा चहा मात्र आजच बंद करा, तासाभराचं अंतर ठेवा. तिला रोज साधारण 75 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतील. मध्यम बांगड्यातून वीसेक ग्रॅम मिळतात, बाकी अंडी, कुळीथ, दूध. तिसऱ्यांत (शिंपल्यांत) लोह भरपूर. भात कमी करू नका. 'वजन कमी कर' असं कुणी सांगितलं आणि पाळी तीन महिने थांबली, तर खाणं अपुरं पडतंय हे आधी गृहीत धरा आणि तपासून घ्या. हाडं त्यातूनच कमकुवत होतात.

दमट हवेत सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी. मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम.

गॅलरीतून

क्लबांना पाठवायच्या तिच्या खेळाच्या चित्रफितीबद्दल थोडं. गोलांचं संकलन सगळेच पाठवतात. चार मिनिटांची फीत करा, प्रत्येक तुकड्याआधी तिच्याभोवती वर्तुळ, आणि चेंडू गेल्यावर ती मागे धावते तेही असू द्या. सोबत दोन अखंड सामने, उंचावरून आणि मध्यरेषेजवळून घेतलेले. विंगर चेंडूशिवाय कुठे उभी असते हे अखंड सामन्यातच कळतं.

कुडाळचा_क्रीडाशिक्षक

सगळ्यांचे मनापासून आभार. सीआरएस पाहिलं: एका जुन्या अकादमीचं नाव दिसतंय, ना-हरकतीचा अर्ज आजच पाठवतो. बारावीचं काय करावं?

नोंदणी_खिडकी

2024-25 ची लीग जानेवारी ते एप्रिल चालली, म्हणजे बोर्डाची परीक्षा बरोबर मधोमध. वेळापत्रक लागलं की पेपरच्या तारखा क्लबला द्या आणि त्या दिवसांची सुटी करारालाच जोडून घ्या. परीक्षेचा फॉर्म कुठल्याही परिस्थितीत भरा, एखादा पेपर राहिलाच तर पुरवणी परीक्षा आहे. लहान क्लब निवडायला हेही एक कारण: त्याचं मैदान घराजवळ असेल तर रात्रीच्या गाडीने येऊन पेपर देता येतो. आणि पासपोर्ट आत्ताच काढा. 15 ते 18 वयात दहा वर्षांचा मिळू शकतो. जन्मदाखला, आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकाच स्पेलिंगचं आहे का, ते अर्जाआधी जुळवून पाहा. वयोगटाच्या शिबिराला नाव आलं की हीच कागदपत्रं मागतात, आणि दुरुस्तीला तेव्हा वेळ नसतो.