रब्बी कांदा 58 दिवसांचा, मधली कोवळी पात पिवळी: गंधकासाठी आता काय द्यावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. वाण एन-2-4-1, मध्यम काळी जमीन, गादीवाफे, ठिबक. माल कांदाचाळीत (साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये) दिवाळीपर्यंत ठेवायचा आहे, म्हणून टिकवण महत्त्वाची.

एकरी दिलेलं खत: लागवडीला 10:26:26 (नत्र, स्फुरद, पालाश म्हणजे पोटॅश यांचे टक्के) ची 50 किलोची एक गोणी, 30 व्या आणि 45 व्या दिवशी युरियाची 45 किलोची एकेक गोणी. म्हणजे नत्र साधारण 46 किलो. शिफारस हेक्टरी 110 किलो, एकरी 44. नत्राचा कोटा संपला. पालाश मात्र 13 किलोच गेलं आणि गंधक वेगळं दिलेलंच नाही.

मधली कोवळी पात एकसारखी फिकट पिवळी आहे, बाहेरची जुनी पात हिरवीगार. नत्र कमी असतं तर जुनी पात आधी पिवळी पडली असती. पातीच्या बेचक्यात फुलकिडे किरकोळ, चंदेरी चट्टे नाहीत. म्हणून संशय गंधकावर.

दुकानदार अमोनियम सल्फेट सुचवतोय. गंधक मिळेल, पण सोबत 20 टक्के नत्र. या वयात नत्र वाढलं की कांद्याच्या माना (पात जिथे कांद्याला जुळते तो भाग) जाड राहतात, नीट सुकत नाहीत आणि चाळीत सड व कोंब सुरू होतात. बेन्टोनाइट गंधक जमिनीत लागू व्हायलाच काही आठवडे घेतं.

ठिबकमधून 0:0:50 (पोटॅशियम सल्फेट) द्यावं असा विचार आहे, त्यात गंधकही येतं. एकरी किती किलो, किती हप्ते? फवारणीने फरक पडतो का? शेवटचा हप्ता पाणी तोडण्याआधी किती दिवस? ज्यांनी चाळीतला फरक पाहिलाय त्यांनी जमिनीचा प्रकारही सांगावा.