पांढरं पडलेलं दगडी कोरल: हे कोणतं, आणि वाचेल का?

प्रश्न

ओळखीतल्या एकांनी आपली रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, कोरल पाळायची टाकी) मोडली तेव्हा हे कोरल, म्हणजे प्रवाळ, माझ्याकडे आलं. मुठीएवढा गोळा, अंगभर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं. आलं तेव्हा घरांचा तळ पोपटी होता, कडा तपकिरी. तीन आठवड्यांत सगळा रंग उतरून हाडासारखं पांढरं झालंय. एका कडेला नखाएवढा सांगाडा उघडा पडून त्यावर शेवाळ धरलंय.

पाण्याची मापं: अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, तापमान २५.५, खारटपणा १.०२५. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य. फिल्टरमध्ये जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) आहे. कोरल सगळ्यात वरच्या खडकावर, एलईडीच्या थेट खाली. देणाऱ्यांनाही नाव ठाऊक नाही. मेलंय का हो? टाकून द्यायला हात धजावत नाही.

प्रतिसाद १

टाकू नका. आणि रंगावरून ओळखायला जाऊ नका, प्रकाश बदलला की रंग बदलतो. भिंती बघा. शेजारच्या दोन घरांत एकच सामायिक भिंत असेल तर बहुधा फेविटिस. प्रत्येक घराची भिंत वेगळी आणि मधे खाच असेल तर फेविया. (हिंद-प्रशांत महासागरातल्या फेवियांना २०१२ पासून डिप्सॅस्ट्रिया म्हणतात, पण आपल्या तोंडी जुनंच नाव आहे.) घरं लांबत जाऊन नागमोडी गल्ल्या झाल्या असतील तर प्लॅटिजायरा.

जिवंत आहे का ते रात्री कळेल. टाकीचे दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल टॉर्चने बघा.

प्रश्नकर्ता

भिंगातून पाहिलं, भिंत एकच आहे, खाच कुठेच नाही. आणि रात्री! घरांच्या कडेने काचेसारखे पारदर्शक तंतू बाहेर आले होते, शिवायच्या दोऱ्याएवढे बारीक. मी किती तरी वेळ तिथून हललोच नाही.

प्रतिसाद २

म्हणजे फेविटिस, आणि जिवंत. मांसात राहणारी झूझँथेली शेवाळं निघून गेली की मांस पारदर्शक होतं आणि खालचा सांगाडा पांढरा दिसतो. कोरलचं बरंचसं अन्न तीच शेवाळं बनवतात, त्यामुळे तुमचं कोरल आत्ता उपाशी आहे. वरून कडक प्रकाश आणि पाण्यात फॉस्फेटचा पत्ता नाही, असा दुहेरी मार बसलाय.

जीएफओ काढा. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास येऊ द्या, पण सावकाश. कोरल वाळूवर सावलीच्या बाजूला, पीएआर (कोरलला मिळणाऱ्या प्रकाशाचं माप) ५० च्या जवळपास. अल्कलिनिटी चांगली आहे, तिला हात लावू नका.

आठवड्यातून दोनदा रात्री, तंतू बाहेर असताना, पंप बंद करून पिपेटने बारीक केलेला मायसिस (कोळंबीसारखे इवलेसे जीव) अगदी थोडा घाला. टाकीतली कोळंबी घास पळवते म्हणून मी प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून कोरलवर घुमटासारखा ठेवतो. वीस मिनिटं पुरतात.

प्रतिसाद ३

आयोडीनचं डिप (आयोडीनच्या पाण्यात बुडवणं) आत्ता नको, अशक्त जिवाला तो आणखी एक धक्का. उघड्या कडेवरचं शेवाळ मऊ ब्रशने काढा, मांसाला ब्रश लागू देऊ नका. आणि शेजारी दुसरं कोरल ठेवू नका. फेविटिस रात्री लांब तंतू सोडून शेजाऱ्याला डसतं.

प्रश्नकर्ता

नऊ आठवडे झाले. फॉस्फेट ०.०४. महिनाभर काहीच हललं नाही, रोज सकाळी आधी तिकडेच जायचो. मग सावलीकडच्या चार घरांच्या भिंतींवर फिकट तपकिरी झाक आली. आता निम्म्याहून जास्त गोळा तपकिरी आहे आणि एका घराच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढा पोपटी ठिपका दिसतोय. उघडी कड तशीच आहे, पण पुढे सरकलेली नाही. प्रकाश कधी वाढवू?

प्रतिसाद २

पोपटी रंग सगळ्या घरांत दिसेपर्यंत हलवू नका.