'डिस्पॅच'ला मराठीत काय म्हणावं? (पाठवणी सोडून)

निंबोणी
एका तालुक्यासाठी घडीपत्रिकेचं काम हातात आहे. १०८ ला फोन केल्यावर पुढे काय होतं, १०२ कधी लावायचा, ११२ (पोलीस, आग, कुठलंही संकट) कधी, हे गावात वाचून कळेल असं लिहायचंय. मूळ मजकूर इंग्रजीत, त्यात जागोजागी 'डिस्पॅच सेंटर'. मी बिनधास्त 'रुग्णवाहिका पाठवणी केंद्र' लिहून टाकलं आणि कच्ची प्रत आशाताईंच्या बैठकीत वाचली. मागच्या रांगेतून एकीने विचारलं, "ताई, मग अक्षता कुणी आणायच्या?" पुढची पाच मिनिटं कुणी काही ऐकायच्या स्थितीत नव्हतं. पाठवणी मुलीचीच होते हे लिहिताना डोक्यातच आलं नाही. शुक्रवारी छपाईला द्यायचंय. सुचवा.

खवट
रवानगी. विषय संपला.

निंबोणी
रवानगी तुरुंगात होते हो.

खवट
पेपरात 'येरवड्याला रवानगी' वाचून वाचून कान बिघडलेत तुमचे. रवाना हा फारसीतून आलेला साधा शब्द आहे, निघालेला. निघालेला माणूस कुठेही जाऊ शकतो.

दप्तरी
सरकारी कचेरीत डिस्पॅच म्हणजे जावक. आवक-जावक नोंदवहीत मी ३१ वर्षं काढली. पण 'जावक केंद्र' छापलंत तर लोक अर्जाच्या तीन प्रती घेऊन हजर होतील. ११२ च्या कागदांत 'प्रतिसाद' हा शब्द रुळलाय, तोच घ्या. आणि एक विचारतो, तुमच्या मथळ्यात 'आपात्कालीन' आहे की 'आपत्कालीन'?

निंबोणी
आपात्कालीन. का?

दप्तरी
वाटलंच. आपद् अधिक काल, द् चा त्, आपत्काल. त्याला ईन लागला, आपत्कालीन. प वर काना येण्याचं कारणच नाही. तो काना हिंदीतल्या 'आपातकाल'मधून आलाय, आणि तिथला 'आपात' वेगळ्या धातूचा, पडणे या अर्थाचा.

बैलगाडी
माझा अंदाज वेगळा. आपल्याकडे 'तत्कालीन' आणि 'तात्कालिक' अशी जोडी आहे. इक लागला की पहिला स्वर वाढतो, ईन लागला की वाढत नाही. लोकांच्या कानात 'तात्का' बसलंय, तेच 'आपात्का'त उतरतं. हिंदीला कशाला दोष?

दप्तरी
कानात काय बसलंय यावर शुद्धलेखन ठरायला लागलं तर कल्याण आहे. मी गाडीच्या एकाच बाजूवर 'आपत्कालिन' आणि 'आपातकालीन' दोन्ही रंगवलेलं पाहिलंय. पेंटर एकच.

सासवडचा_म्हातारा
आणीबाणी म्हणा ना! अस्सल मराठी. 'आणीबाणीची वैद्यकीय सेवा'. माझी आजी तांदूळ संपले तरी आणीबाणी म्हणायची.

खवट
जून १९७५ नंतर त्या शब्दाला एकच अर्थ उरला, काका. वाचणारा विचारेल, कुणाला पकडलं?

बैलगाडी
आणी म्हणजे चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला ठोकतात ती खीळ. ती निघाली की गाडी गेली. आणीबाणी त्यातलीच असणार.

दप्तरी
आणि बाणी?

बैलगाडी
बाणी विचारू नका.

स्ट्रेचर
साडेचार वर्षं १०८ च्या गाडीवर डॉक्टर होतो, म्हणून लिहितो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यात जीव वाचवण्याची २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत सोय असलेल्या, म्हणजे आमच्या भाषेत एएलएस आणि बीएलएस. गाडीत 'डिस्पॅच' कुणी म्हणत नाही. "कॉल पडला." "गाडी लागली." पेशंट सोडला की "गाडी मोकळी." ड्रायव्हरला ड्रायव्हर म्हणायचं नाही, तो पायलट. आमचे पायलट दादा स्वतःच्या घरीही पायलटच होते.

तुम्ही ज्याला नाव शोधताय ते काम नक्की काय, ते सांगतो. गावातून लावलेला १०८ आधी पुण्यात औंधला वाजतो. फोन करणाऱ्याला वाटतं, आपण तालुक्याच्या दवाखान्याशीच बोलतोय. तो सांगतो, "पिंपळगावात या, मारुतीच्या देवळापाशी." पिंपळगाव कुठलं? तालुका? जिल्हा? आणि मारुतीचं देऊळ नसलेलं गाव दाखवा मला. पलीकडची मुलगी शांतपणे विचारत राहते आणि इकडचा ओरडतो, "अहो चौकशी काय करताय, माणूस मरतोय!" गाव सापडल्यावर जवळची मोकळी गाडी बघायची, ती नसेल तर त्याच्या पुढची, मग आम्ही परत फोन करून विचारायचं, की रस्त्यावर टॉर्च घेऊन कुणी उभं राहील का. पाठवणं हा त्यातला सर्वांत छोटा भाग. पत्रिकेत शब्द कुठलाही घाला, पण 'आधी जिल्हा, तालुका सांगा, मग गाव' एवढं मोठ्या अक्षरात छापा.

निंबोणी
हे छापतेच. मूळ इंग्रजी मजकुरात हे नाहीच. पण मग केंद्राला काय म्हणू?

डिचोलीकर
मध्येच येतो. गोव्यात १०८ तुमच्या आधी आली, २००८ मध्ये. आमच्याकडे 'एकशेआठ' हे नामच झालंय. "एकशेआठ आली", स्त्रीलिंगी. रुग्णवाहिका फक्त पेपरात.

खवट
इकडेही तेच. रुग्णवाहिका हा शब्द मी तरी कुणाच्या तोंडून घाबरलेल्या अवस्थेत ऐकलेला नाही.

ओवी_पुणे
सावरकरांनी दिलेला इतका सुंदर शब्द आणि आपण वापरत नाही, हेच दुर्दैव.

दप्तरी
पुरावा? महापौर त्यांचा, दिनांक त्यांचा, म्हणून प्रत्येक संस्कृत शब्द त्यांच्या खात्यावर जमा करू नका. मी शुद्ध भाषेचा भोक्ता आहे, पण पावतीशिवाय नोंद नाही.

बैलगाडी
शब्द कुणाचाही असो, आहे गमतीचा. रुग्ण हे 'रुज्' धातूचं रूप, मूळ अर्थ मोडलेला. म्हणजे मोटरसायकलवरून पडून पाय मोडलेला हा खरा रुग्ण. तापाने फणफणलेला नंतर आत शिरला. आणि 'अँब्युलन्स'मध्ये लॅटिनचं चालणं आहे. फ्रेंच सैन्यामागून फिरणाऱ्या इस्पितळाला ते तसं म्हणत. नेपोलियनचा सर्जन लारे याने जखमींना लढाई चालू असतानाच उचलणाऱ्या घोडागाड्या काढल्या, त्यांना नाव दिलं 'उडत्या'. तर अँब्युलन्सचं नेमकं मराठी 'फिरता दवाखाना', जे आपण भलत्याच गाडीला देऊन बसलोय.

निंबोणी
'रुग्ण'वरून आठवलं. त्याच बैठकीत एक ताई म्हणाल्या, १०२ ला रुग्णवाहिका लिहू नका. त्यांच्या वस्तीवरची एक सासू सुनेला गाडीत बसू देईना. "ती काय आजारी आहे? दिवस भरलेत तिचे." ताई तिला 'बाळंतिणीची गाडी' म्हणतात, मग बसतात. बाळ-आईला घरी सोडायलाही तीच येते, आणि फुकट येते, हेही या नावामुळे पटकन पटतं.

सासवडचा_म्हातारा
वा! हा खरा शब्द.

ओवी_पुणे
बाळंतीण प्रसूतीनंतर होते. आधी ती गर्भवती. त्यामुळे जाताना 'बाळंतिणीची गाडी' चूक, येताना बरोबर.

खवट
जाताना पाटी उलटी करायची.

स्ट्रेचर
दुचाकी अँब्युलन्सवरही हाच वाद झाला होता आमच्यात. २०१७ मध्ये मुंबईत सुरू झाल्या. गल्लीबोळांत मोठी गाडी शिरत नाही म्हणून डॉक्टर स्वतः मोटरसायकलवर ऑक्सिजन, औषधं घेऊन जातो. पेशंटला मागे बसवायचा नसतोच. मग ती रुग्णवाहिका कशी? वैद्यवाहिका म्हणा.

डिचोलीकर
वैद्यवाहिका! हा आवडला. आणखी एक: 'हलवणे' कुणी विचारात घेतलं का? "त्यांना बांबोळीला हलवलं" असं कुणी म्हटलं की गोव्यात पुढचं विचारत नाहीत, गाडी काढतात. बांबोळी म्हणजे मेडिकल कॉलेज, तिथे नेलं म्हणजे साधं दुखणं नाही.

निंबोणी
'रेफर'साठी तेच वापरलंय, 'मोठ्या रुग्णालयात हलवणे'.

सासवडचा_म्हातारा
आमच्याकडे 'पुढं न्या'. दोनच शब्द. माझ्या मोठ्या भावाला रात्री साडेदहाला छातीत कळ आली. पहिल्या दवाखान्यात म्हणाले, पुढं न्या. दुसरीकडे डॉक्टरांनी मनगट धरलं, सोडलं, म्हणाले पुढं न्या. तिसरीकडे खाट नव्हती. पहाटे अडीचला चौथीकडे घेतलं. वाचला, आता पंचाऐंशीचा आहे, पण अजून कुणी रांगेत "पुढं चला" म्हटलं तरी चिडतो. नावं घेत नाही, त्यातले दोन डॉक्टर आता हयात नाहीत. चौकशी करून, खाट आहे का विचारून मग पाठवायचं, त्याला काय म्हणतात? तो शब्द शोधा.

दप्तरी
समन्वय.

सासवडचा_म्हातारा
तो बैठकीत होतो.

बैलगाडी
शब्द वाईट नाही, काका. संस्कृतच्या तासाला श्लोकाचा अन्वय लावायचो, आठवतं? कर्ता एका टोकाला, क्रियापद दुसऱ्या टोकाला, विशेषण कुठेतरी तिसरीकडेच. कुणाचं कोण ते ओळखून नीट मांडायचं. समन्वयात तोच अन्वय आहे.

सासवडचा_म्हातारा
माझ्या भावाचा अन्वय चार दवाखाने लागला नाही.

लासलगावी
उशिरा आलो. 'ट्रायाज'ला, म्हणजे कुठल्या जखमीला आधी बघायचं हे ठरवण्याला, काय लिहिलंय? आमच्याकडे 'प्रतवारी' तयार शब्द आहे.

ओवी_पुणे
माणसं म्हणजे कांदे आहेत का?

लासलगावी
कांद्याची प्रतवारी जेवढ्या काळजीने होते तेवढी माणसांची झाली तरी पुरे.

स्ट्रेचर
बस उलटली की लाल, पिवळा, हिरवा, काळा अशा चिठ्ठ्या बांधतात. जोरात ओरडणारा बहुतेक वेळा हिरवा निघतो, गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं. फ्रेंचमध्ये मूळ अर्थ निवडणे, तांदूळ निवडतो तसं. पण कांद्यात चांगला माल आधी उचलतात, इथे उलट. त्यामुळे प्रतवारीला माझाही विरोध.

निंबोणी
'कोणाला आधी' असं लिहिलंय, शब्दच टाळला. 'गोल्डन अवर'ला मात्र फसले होते. 'अपघातानंतरचा सुवर्णकाळ' असं लिहिलं होतं. नवऱ्याने वाचून विचारलं, पाय मोडल्यावर एवढं काय चांगलं झालं? आता 'पहिला तास' केलंय. मोटार वाहन कायद्यातही अर्थ तेवढाच आहे, दुखापतीनंतरचा एक तास.

दप्तरी
कायद्यातल्या संज्ञेला असं मोडीत काढता येत नाही. 'सुवर्ण तास' हवं.

खवट
सोनाराची जाहिरात वाटते.

निंबोणी
आज गुरुवार. केंद्राचं नाव 'फोन उचलून गाडी पाठवणारं केंद्र' असं करतेय. लांब आहे, पण आशाताईंनी हसल्याशिवाय ऐकलं.

दप्तरी
छापील मजकुरात 'पाठवणारं' नको, 'पाठवणारे'. अनुस्वार बोलण्यापुरता.

ओवी_पुणे
'फोन' ऐवजी 'दूरध्वनी' करता येईल.

लासलगावी
एक शंका. गाडीचा सायरन वाजला की वाजली? आमच्याकडे वाजली म्हणतात.

सासवडचा_म्हातारा
भोंगा. भोंगा वाजला.

खवट
भोंगा गिरणीचा, काका. तो वाजला की माणसं कामाला जायची.