माळ्यावरची प्रयोगवही: दहावीतल्या 'हुशार' पोरांची काळी बाजू (अनुभव लिहा)

काजळी
काल माळा काढला. पितळी डबे, पंख्याची पाती, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत खाकी कव्हरची विज्ञानाची प्रयोगवही. लेकीने विचारलं, "हे नाव कुणाचं गं?" म्हटलं, "मैत्रिणीची आहे, राहून गेली माझ्याकडे."

राहून गेली नव्हती. १९९७ ची दहावी. बोर्डाची मेरिट लिस्ट लागायची ते दिवस. सातवीच्या शिष्यवृत्तीत नंबर आला तेव्हाच घरात ठरलं होतं की ही यादीत येणार. मला कुणी विचारलं नाही, मीही नाही म्हटलं नाही. ती शेजारच्या बाकावर. मार्कांत माझ्यामागेच असायची, पण आकृत्या! बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग, त्यातले किरण केसासारखे बारीक, बाण सगळे एका मापाचे. मी तीच आकृती सात वेळा खोडली. कागदाला भोक पडलं.

मी मॉनिटर. वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये न्यायचं काम माझं. जिन्याच्या वळणावर तिची वही काढून दप्तरात टाकली. बुटाची नाडी बांधायला जास्त वेळ लागतो.

ती रडली, सरांनी दोन दिवस दिले. आणि खरी गोष्ट पुढे आहे. तिला नवी वही पुरी करायला मदत करायला मीच तिच्या घरी गेले. तिच्या आईने साजूक तुपातला शिरा केला, "किती गं गुणाची" म्हणाल्या. मी दोनदा घेतला.

ती वही ना फाडवली, ना परत देववली. तुमचं लिहा. झाकूनपाकून नको.

रातराणी९
पान फाडणे क्लबात मी पण!! एक अक्षर वाकडं आलं की पान गेलं. दोनशे पानी वही दिवाळीपर्यंत सव्वाशेवर. आणि शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की जोडीचं पानही सुटतं, मग तेही नीट लिहिलेलं परत लिहा. आई समजायची मुलगी फार अभ्यास करते.

पानं फाडून भागेना तेव्हा चुकीला एक चिमटा सुरू केला. युनिफॉर्मखाली झाकेल अशा जागी. एवढंच लिहिते. बस आली.

चहाबाज
मला ४८ टक्के होते. माझी काळी बाजू म्हणजे फळा, तोही मागच्या बाकावरून दिसायचा नाही.

शेवगा
माझं जरा वेगळं आहे. एका मुलीच्या सायकलबद्दल. कुकर लावून येते.

मांजरा_काठ
लातूरला खोली घेऊन राहायचो. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक होता, आमच्याच क्लासचा. मी रात्री दहाला झोपायचो पण टेबल लॅम्प चालू ठेवून. त्याला खिडकीतून वाटावं हा जागाच आहे. महिनाभरात तो क्लासमध्ये पेंगायला लागला, मला काय आनंद व्हायचा! मग कळलं तोही दिवा लावून झोपत होता. पेंगायचा कारण डास. मालकाने लाईटबिल बघून दोघांनाही धुतलं.

रच्याकने (बाय द वे) आता स्पर्धा कुठे गेलीय बघा. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ जणांना शंभर टक्के, त्यातले ११३ आमच्या लातूर विभागाचे. ९९ वाला तोंड लपवून फिरतो.

पोस्टरकलर
ते शंभर टक्के चित्रकला-खेळाचे वाढीव गुण धरून हो. त्यासाठीच तर पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतात. आमच्या वेळी स्थिरचित्राला वांगी ठेवलेली.

चहाबाज
आमच्याकडे केळी होती. पेपर संपेपर्यंत दोन उरली. शेवटच्या बाकावरच्यांनी दोनच काढली, त्यांचं स्थिरचित्र जास्त अचूक.

खडूफळा
मी शिक्षिका, निवृत्त. दुसऱ्या बाजूने लिहिते. सहामाहीनंतर एक निनावी पत्र आलं, वर्गातली पहिली आलेली मुलगी कॉपी करते म्हणून. डाव्या हाताने लिहिलेलं, अक्षर मुद्दाम वेडंवाकडं. पण पानभर मजकुरात ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. एके ठिकाणी अर्धविराम, तोही बरोबर जागी. चाळीस मुलांत तसं लिहिणारी एकच होती. २५ पैकी २४ पडले की पेपर घेऊन टेबलाशी येऊन उभी राहायची, काही बोलायची नाही, नुसती उभी.

अक्षर बिघडवणं जमलं तिला, शुद्धलेखन बिघडवणं जमलं नाही. पत्र मी मुख्याध्यापकांकडे नेलं नाही. तिलाही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धलेखनाच्या तासाला तिच्याकडे बघितलं, तिने मान खाली घातली. ते बरोबर केलं का, मला अजून ठरवता येत नाही. तिला कुणाशी तरी बोलायची गरज होती हे आज कळतं.

@रातराणी, तुझं वाचून थांबले. आता बरी आहेस ना बाळा? कुणाच्या घरी असं मूल असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

रातराणी९
हो मॅडम, बरी आहे. आता फक्त मेल पाठवण्याआधी नऊ वेळा वाचते.

चहाबाज
दहावीचं पोर आणि बरोबर जागी अर्धविराम? पोलिसात द्यायला हवं होतं.

गवतीचहा
काजळी, यादीत आलीस का पण? मुख्य तेच राहिलं. आणि वही परत दे बाई.

काजळी
नाही आले. यादीच्या बरीच खाली राहिले. तीही नाही आली.

आज दुपारी धीर करून तिला वहीचा फोटो पाठवला, खाली सगळं कबूल केलं. निळ्या खुणा आल्या आणि तासभर काही नाही. मी तोवर दोन वेळा ओटा पुसला. मग तिचा फोनच आला, हसत होती. म्हणाली, अगं त्या आकृत्या ताईने काढल्या होत्या! वही तपासताना सर माझं अक्षर आणि रेघा ताडून बघतील म्हणून मला रात्रभर झोप नव्हती. हरवली म्हटल्यावर देवापुढे साखर ठेवली मी. रडले ते खोटं होतं.

म्हणजे मी भोक पडेपर्यंत खोडत होते ते बी.एस्सी.ला असलेल्या मुलीशी बरोबरी करायला. हसू की काय करू कळेना. फोन ठेवल्यावर आठवलं, तिने माझी माफी मागितली, मी तिची मागितलीच नाही. नुसतं कबूल केलं.

चहाबाज
चोरावर मोर! आणि शिरा दोघींनी मिळून खाल्ला.

पोस्टरकलर
ताईंनी इंटरमिजिएट दिली होती का विचारा. ए ग्रेडच असणार.

गवतीचहा
शेवगाताई, सायकलचं काय झालं? कुकर कधीच झाला असेल.

शेवगा
आहे इथेच. तिसऱ्यांदा लिहून पुसलं. पहिलं वाक्य नीट बसत नाहीये.