मदत हवी आहे: ऑपरेशननंतर गप्प पडलेल्या जनावराला दुखतंय का, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळ एका खासगी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, पशुधन पर्यवेक्षकाचा डिप्लोमा केलाय. आमच्याकडे कुत्र्यामांजरांच्या नसबंदीची ऑपरेशनं बरीच असतात. कापणं-शिवणं सरांचं, पण भूल दिल्यापासून जनावर स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत लक्ष ठेवायचं काम माझं. मॉनिटर नाही, स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि माझी बोटं. हिरडी दाबून सोडली की २ सेकंदांच्या आत रंग परत येतो का, मांडीतली नाडी, श्वास, हे सगळं दर ५ मिनिटांनी वहीत लिहिते, केटामिन या भुलीच्या औषधात डोळे उघडेच राहतात म्हणून मलम घालते. इथवर जमतं.

अडतं ते पुढे. आमच्याकडे भूल झायलाझिन-केटामिनची. त्यानंतर कुत्री तास-दोन तास गुंगीत पडून असते आणि घरचे म्हणतात बघा कशी शांत झोपलीय. पण मी वाचलं की झायलाझिनची गुंगी बराच वेळ टिकते आणि दुखणं थांबवायचा असर मात्र त्याच्या आधीच, साधारण अर्ध्या तासात उतरतो. म्हणजे ती झोपलेली दिसते तेव्हा तिला सगळं जाणवत असेल आणि कण्हायचंही त्राण नसेल, हे डोक्यातून जातच नाहीये. पिशवी काढायची म्हणजे पोट उघडतात हो, घरातल्या बाईचं हेच ऑपरेशन झालं तर आपण तिला एका इंजेक्शनवर घरी पाठवू का?

मांजरांचं तर अजून कठीण. मालवणच्या एक मासेवाल्या मावशी त्यांची मांजरी घेऊन आल्या होत्या, संध्याकाळी न्यायला आल्यावर म्हणाल्या, "गप बसलाहा मां, मगे दुखता खंय?" आणि ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ उंच करून, मान खाली घालून, डोळे अर्धवट मिटून बसलेली. मला ते बसणं बरं वाटलं नाही पण सरांना नुसतं "बरं वाटत नाही" असं कसं सांगणार, काहीतरी मोजता येईल असं हवं. आहे का असं काही? आणि दुसरं, पावसाळ्यात जनावरं फार गार पडतात, टेंपरेचर ९७ फॅरेनहाइटपर्यंत उतरतं आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १ (पशुवैद्य, रायगड)
ताई, तुमची शंका रास्त आहे, गुंगी म्हणजे वेदनाशमन नव्हे. मांजरांसाठी चेहऱ्यावरून दुखणं मोजायचं फिलाइन ग्रिमेस स्केल बघा, माँट्रियलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये छापलंय. कान, डोळ्यांची फट, तोंडाचा ताण, मिशा आणि खांद्याच्या तुलनेत डोकं कुठे आहे, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे, १० पैकी ४ किंवा जास्त झाले तर पेनकिलरचा विचार करायचा. तुम्ही लिहिलेली मांजरी डोळे आणि डोकं या दोनातच ४ पर्यंत जाऊ शकते. फक्त मांजर झोपलेलं किंवा गुंगीत असताना गुण देऊ नका, फसतं. कुत्र्यांसाठी दुखणं मोजायचं ग्लासगोचं छोटं स्केल आहे, त्यात जखमेच्या बाजूला हलकं दाबून ते कसं वागतं तेही बघतात.

तुमच्या सरांशी बोलायचं असेल तर लिग्नोकेनपासून, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या इंजेक्शनपासून सुरू करा. चीर द्यायच्या आधी त्या रेषेत, आणि नराच्या बाबतीत वृषणात, वजनावरून डोस काढून दिलं तर भूलही कमी लागते, आणि ते स्वस्त आहे. त्याच्या जोडीला मेलोक्सिकॅम हे पेनकिलर, पण जनावर सुकलेलं नसेल आणि मूत्रपिंड ठीक असेल तरच. ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांवर कुत्र्यात विसंबू नका, त्यांच्या शरीरात त्यातला कामाचा घटक फार कमी तयार होतो. आणि घरच्यांना बजावून सांगा की आपली तापाची पॅरासिटामॉल मांजराला द्यायची नाही, एका गोळीनेही मांजर जातं.

प्रतिसाद २ (मीही मदतनीस, रत्नागिरी)
गार पडण्याबद्दल सांगते. आम्ही टेबलावर आधीच गोधडी आणि वर प्लॅस्टिक घालतो, जनावर थेट स्टीलवर ठेवतच नाही. केस कापताना आणि स्पिरिट लावताना कमीत कमी भाग ओला करायचा, उष्णता तिथूनच जाते. पाण्याच्या बाटल्या कोमट भरून टॉवेलात गुंडाळून, उघड्या कधीच नाही, बेशुद्ध जनावराला भाजलं तरी ते हलत नाही. सलाईनही कोमट. लाईटची वाट बघत बसू नका, सुरुवातीपासून ऊब ठेवा, एकदा उतरलेलं टेंपरेचर चढायला फार वेळ लागतो आणि तोवर भूलही शरीरातून लवकर निघत नाही.

मूळ धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. ग्रिमेसचे पाच मुद्दे वहीच्या पानावर लिहून घेतलेत, उद्यापासून टेंपरेचरच्या शेजारीच हा रकाना. सरांना लिग्नोकेनचं विचारते, ऐकतील असं वाटतंय. आता अजून एक, गावात बोकडांना खच्ची करायला चिमटा लावतात तेव्हा काहीच देत नाहीत, त्यांची ती ओरड मला ऐकवत नाही. तिथे लिग्नोकेन चालेल का? आणि नंतर गाईगुरांना देतात तसं काही?

प्रतिसाद १
चालेल, पण शेळीच्या जातीला लिग्नोकेनची विषबाधा सहज होते, २ टक्क्यांचं औषध निम्म्यावर पातळ करून आणि वजन करूनच, डॉक्टरांच्या देखरेखीत. झायलाझिनलाही ती फार नाजूक असतात, कुत्र्याचा डोस लावू नका. नंतर मेलोक्सिकॅम. डायक्लोफिनॅक या पेनकिलरवर २००६ पासून जनावरांसाठी बंदी आहे आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅकही गेलं, मेलेल्या गुरातून ते गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. आमच्या म्हसळ्याजवळ चिरगावला अजून गिधाडं घरटी करतात, त्यामुळे कुणी जुनी बाटली काढली तर मी हातातून काढून घेतो. चिमटा लावायच्या किमान ५ मिनिटं आधी इंजेक्शन द्या, लगेच लावला तर काही उपयोग नाही.