टूरिंगच्या गाडीला कंपनीचाच सायलेन्सर बरा. पटतंय का?

सॅडलबॅग

आधीच सांगतो, मी आवाजाच्या विरोधातला माणूस नाही. वडिलांच्या जुन्या बुलेटच्या धडधडीवर लहानाचा मोठा झालोय. पण गेल्या डिसेंबरात माझ्या बीएस६ हिमालयन ४११ला हौसेनं स्लिप-ऑन, म्हणजे कंपनीच्या सायलेन्सरऐवजी बसवायचा बाजारातला सायलेन्सर, बसवला, पुणे–गोकर्ण–पुणे फिरून आलो आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा सायलेन्सर माळ्यावरून खाली काढला.

साताऱ्यापर्यंत मी राजा होतो. कात्रजच्या नव्या बोगद्यात दोनदा उगाचच गिअर उतरवला, खोटं कशाला बोलू. कराडला चहाला थांबलो तेव्हा कानात भुंगा शिरल्यासारखं वाटायला लागलं. निपाणीच्या पुढं ९० सोडून ७५वर आलो, कारण नेमक्या ८५ ते ९५च्या पट्ट्यात एक घुमणारी घरघर हेल्मेटभर भरायची. गाडी पळावी म्हणून लावलेल्या नळकांड्यानं गाडी हळू केली! गोकर्णला रात्री बायकोचं प्रत्येक वाक्य मला दोनदा विचारावं लागत होतं. ती म्हणाली, यात नवीन काय?

ताकदीचं म्हणाल तर २४.३ बीएचपीच्या सिंगल सिलिंडरमध्ये अर्धा-एक घोडा वाढला असेलही. पण दोन भरलेले पॅनियर, म्हणजे बाजूच्या सामानपेट्या, आणि मागं माणूस बसल्यावर तो घोडा कुठं गेला ते कळलं नाही. वजन कमी झालं, मान्य. पण गाडी १९९ किलोची, आणि वाचलेल्या वजनाहून जास्त तर मी येताना काजू आणि कोकम भरून आणलं.

रविवारी सकाळी दोन तास फिरणाऱ्याचं गणित वेगळं. दिवसाला आठ तास जिच्यावर बसायचं तिचा आवाज नवऱ्याबायकोच्या घोरण्यासारखा असतो, पहिल्या रात्री गंमत वाटते. बोला.

रांगडा गडी

भावा, दोष स्लिप-ऑनचा न्हाय, तू घेतलास त्या स्लिप-ऑनचा हाय. आत डीबी किलर, म्हणजे आवाज दाबायची बारकी नळी, नसलेलं सरळ नळकांडं घेतलंस तर घुमणारच की.

माझ्याकडं इंटरसेप्टर हाय. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, २७० अंशाचा क्रँक. असलं इंजिन देऊन कंपनीनं त्याच्या तोंडात बोळा कोंबलाय. दोन्ही बाजूच्या नळ्या काढल्या आणि आमच्याकडं गुळाच्या काट्यावर तोलल्या. नव्या जोडीत आणि जुन्या जोडीत पाच किलोच्या वर फरक निघाला. आंबा घाटात वळणाला गाडी टाकताना तो फरक कळतोय, कागदावर कळायचा न्हाय.

दुसरं, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला आरसा बघायची सवय नसते. दोन ट्रॉल्या, वर टेपवर गाणी. माझा आवाज त्याला कळतो म्हणून मी आज हे टंकायला जिवंत हाय.

तेलकट हात

दोघांचंही अर्धंच ऐकलंय मी. बावीस वर्षं गॅरेज चालवतो, त्यामुळं थोडं लांबेल.

ट्रॅक्टरवाल्याचं आधी. सायलेन्सरचं तोंड मागं असतं आणि ट्रॅक्टर तुमच्या पुढं. तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा तुम्ही जवळजवळ त्याच्या बाजूला आलेले असता. त्यात त्याची स्वतःची गाणी. हॉर्नचं तोंड पुढं असतं, तो वाजवा. ओव्हरटेकच्या आधी दोनदा डिपर द्या.

आता इंजिन. ‘बॅकप्रेशर पाहिजेच’ म्हणणारे रोज येतात. इंजिनाला अडथळा कधीच नको असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून पुढं जाते, मोकळी जागा लागली की उलटी फिरते, आणि योग्य वेळी परत आली तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. ती वेळ पाइपाची लांबी, जाडी आणि आतले कप्पे मिळून ठरवतात. हिमालयनचा ३२ एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, चार ते साडेचार हजार आरपीएमला येतो, आणि सामानासकट घाट चढताना सुई तिथंच घुटमळते. मोकळा पाइप बहुतेक वेळा वरच्या आरपीएमला देतो आणि या मधल्या भागात खातो. सॅडलबॅग यांचा घोडा गेला तो इथं.

कंपनीच्या सायलेन्सरला जड म्हणून शिव्या घालताना एक लक्षात ठेवा, त्यातलं बरंच वजन दुहेरी पत्र्याचं असतं. बाहेरचा पत्रा आतल्याइतका तापत नाही. गेल्या वर्षी स्लिप-ऑनवाल्या दोन गाड्यांच्या कापडी सॅडलबॅगा माझ्याकडं वितळून आल्या, एकीत रेनकोट होता. आणि स्लिप-ऑनच्या पोटातलं आवाज शोषणारं ग्लासवूल हळूहळू जळून उडून जातं. ते बदलावं लागतं हे विकताना कुणी सांगत नाही. दोन वर्षांनी गिऱ्हाईक येतं, ‘दादा, आवाज फाटला.’

थ्रॉटल सोडल्यावर फटाफट वाजतं त्याला पोरं रेसिंग समजतात. निम्म्या वेळा जुनंच गॅस्केट परत बसवलेलं असतं, सांध्यातून हवा आत जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं.

श्रवण

कान-नाक-घसा हा माझा धंदा, इंटरसेप्टर ही माझीही गाडी. सॅडलबॅग, तुमच्या भुंग्याचा सगळा दोष सायलेन्सरवर टाकू नका. १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला किती उरतो? पंधरा मिनिटं. कात्रजहून निघून शिरवळही येत नाही. सायलेन्सर कुठलाही असो, कानात फोमचे बोळे घालाच.

रांगडा गडी

बघा! डॉक्टरच म्हणतात वाऱ्याचा दोष. बोळे घालतो, विषय संपला.

श्रवण

अर्धंच वाचलंत. फोमचे बोळे वाऱ्याचा सूं-सूं आवाज चांगला अडवतात, खालच्या पट्टीतली घरघर तितकी अडवत नाहीत. ती हाडातून, सीटमधूनही पोचते. म्हणजे बोळे घातल्यावर उरते ती नेमकी तुमच्या नळीची घरघर.

हिरण्यकेशी

तुम्ही सगळे हेल्मेटच्या आतलं बोलताय. मी रस्त्याकडेच्या घरातली. आंबोलीत आमचं छोटं होमस्टे आहे.

जूनच्या पहिल्या पावसात आमच्याकडे रात्री बॅटरी घेऊन बेडूक बघायला आणि मुख्य म्हणजे ऐकायला माणसं येतात. नर ओरडतो, मादी त्या आवाजावर चालत येते, त्यांचं लग्न जमायचं तेच साधन. गावाच्या नावानंच ओळखला जाणारा आंबोली टोड तर जगात फार थोड्या जागी उरलाय. शनिवारी रात्री कोल्हापूर, बेळगाव, गोव्याकडून पाच-सहा गाड्या एकदम घाटात येतात. धबधब्याच्या वळणावर पहिली गाडी आली की अख्खं रान गप्प होतं, शेवटची गेल्यावरही बराच वेळ गप्पच. मी पाहुण्यांसोबत काळोखात उभी असते आणि काय सांगावं कळत नाही.

तुम्हाला तो आवाज इंजिनाचा जीव वाटतो. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्या प्रत्येक वेळी दचकून उठतात. तुमची गाडी एकदा जाते. आमच्या दारावरून सगळ्यांच्या जातात.

रांगडा गडी

ताई, तुमचं दुःख कळतंय, पण आधी लग्नातल्या डीजेला बोला, एसटीच्या हॉर्नला बोला. सगळ्यांनी आम्हालाच धरायचं. पाच टवाळ पोरं इंदोरी फटाका सायलेन्सर लावून गल्लीत फिरतात आणि पोलिसांच्या रोडरोलरखाली जातो माझा पन्नास हजारांचा सेट. ह्यात फरक कोण करणार?

नेकारकाठ

जर्मनीतून लिहितोय, स्टुटगार्टजवळ राहतो. फरक कसा करतात आणि तो कसा फसतो ते सांगतो. इथं बाजारातल्या सायलेन्सरवर ई-मार्क असेल, म्हणजे तो त्या गाडीसाठी मंजूर असेल, तर बिनधास्त लावा, पोलीस थांबवून फक्त शिक्का आणि डीबी किलर बघतात. तो मार्क भारतात दाखवून उपयोग नाही हे वेगळं.

पण कंपनीचा म्हणजे सोवळ्यातला, हेही खरं नाही. शेजारी ऑस्ट्रियात तिरोल प्रांतानं १० जून २०२० पासून रॉयटे जिल्ह्यातल्या काही घाटरस्त्यांवर उन्हाळ्यात ९५ डेसिबलच्या वरच्या मोटरसायकलींना बंदी घातली. दंड २२० युरो. गंमत अशी की आकडा बघतात तो नोंदणीच्या कागदावरचा, उभ्या गाडीच्या चाचणीचा. कितीतरी महागड्या गाड्या कारखान्यातून निघतानाच त्याच्या वर असतात, आणि मालकानं नंतर शांत सायलेन्सर लावला तरी कागद बदलत नाही. माझ्या मित्राची गाडी अशी अडकली. लेख नदीच्या खोऱ्यातून सगळे गेले, तो सायकल भाड्यानं घेऊन आला.

सॅडलबॅग

नेकारकाठ, हे माहीत नव्हतं. ‘कंपनीचाच’ ऐवजी ‘शांतच’ म्हणायला हवं होतं, मान्य.

पण रांगडे, तुमच्या पन्नास हजारांचं. आपल्याकडं १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला साडेसात मीटरवरून, चालत्या गाडीच्या चाचणीत ८० डेसिबल अशी मर्यादा वर्षानुवर्षं आहे, आणि नाक्यावरच्या हवालदाराकडं ती चाचणी घ्यायची सोय नसते. तो कानानंच ठरवणार. वर मोटार वाहन कायद्याचं २०१९च्या दुरुस्तीनं कडक झालेलं कलम १८२ए आहे, परवानगीविना गाडीत केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. कैद कुणाला होत नाही, मलाही माहीत आहे. मला भीती विम्याची वाटते. परमुलखात अपघात झाला आणि सर्व्हेअरनं ‘फक्त ट्रॅकसाठी’ असा छाप असलेल्या नळीचा फोटो काढला तर पुढं भांडत बसायचं. त्यापेक्षा माझी नळी माझ्या माळ्यावर बरी.

रांगडा गडी

मी काढणार न्हाय. सरळ सांगतो. पाच किलो परत चढवायला मला कुणी पैसे देत न्हाय, आणि इंजिनाचा आवाज ऐकायलाच मी गाडी घेतली.

पण बेडकांचं डोक्यात बसलंय. पाऊस लागला की आम्ही आंबोलीला येतोच, दरवर्षी. डीबी किलर घालून येतो, आणि गावाच्या अलीकडं पलीकडं चौथ्या गिअरात. एका नळीचा डीबी किलर फडताळात सापडला, दुसऱ्याचा बोल्ट हरवलाय. कुठला लागतो?

तेलकट हात

अंदाजानं सांगत नाही. सापडलेल्यातला बोल्ट काढून हार्डवेअरच्या दुकानात न्या, आटे जुळवून स्टेनलेसचा घ्या. साधा लोखंडी घालू नका, एका पावसाळ्यात गंजून असा बसेल की ड्रिल मारावं लागेल. आट्यांना थोडं कॉपर ग्रीस लावा आणि इंजिन थंड असताना आवळा. शंभर किलोमीटरनंतर परत एकदा आवळून बघा, दुसरा तसाच पडला असणार.