चढावर मीटरचा काटा झोपते, उतारावर उठते. पिकअपवाले भाऊ, सांगा काय करू?

संत्रावाला (वरुड तालुका)

रामराम मंडळी.

माही पिकअप २०१४ ची आहे, डिझेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धे जण 'ती कंपनीच भंगार' एवढंच लिहून जातील. स्पीडचं मीटर इलेक्ट्रॉनिक आहे, केबल नाही, गिअरबॉक्सवर वेग मोजणारा सेन्सर आहे. गाडी चालली दोन लाख अकरा हजार. म्हणजे मीटरवर तेवढी. खरी किती चालली ते देवालेच माहीत, कारण वीस-एक दिवसांपासून मीटर मनात आलं तर चालते.

संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुरू आहे. पहाटे अडीच-तीनले ६० क्रेट संत्रा भरून जलालखेडा, काटोल करत नागपूरले कळमन्याच्या बाजारात जातो. निघालो की पहिले आठ-दहा किलोमीटर काटा बरोबर. वर्धेचा पूल झाला की कुठंतरी पट्कन शून्यावर. जसा कोणी चापट मारून बसवला. खालचे किलोमीटरचे आकडेही तिथंच थांबते. मग काटोलच्या अलीकडे आपोआप जिवंत होते, पुन्हा मरते. रिकामी परत येतो तेव्हा त्रास कमी, कधी कधी पूर्ण रस्ता काहीच नाही.

आता म्हणाल काट्यावाचून काय अडलं, गाडी तं चालते ना. अडते भाऊ. व्यापारी भाडं किलोमीटरवर देते, मीटरचा फोटो पाहून. आमचं जाणं-येणं दोनशेच्या वर होते, हे त्यालेही माहीत आहे. पण परवा मीटरनं १६३ दाखवले तं त्यानं १६३ चेच पैसे पाठवले आणि खाली हात जोडल्याचं चित्र. दुसरं, पुढच्या महिन्यात पासिंग आहे, म्हणजे आरटीओची तपासणी. आठ वर्षांवरची गाडी, दरवर्षी न्या लागते. मीटर बंद असलं तं तिथून माघारी.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. फ्यूज पाहिला, चांगला आहे. तालुक्याच्या गावी एका मेकॅनिककडे नेली, त्यानं सेन्सर बदलला. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी तेच. आता तो म्हणते पूर्ण मीटर बदला. नवं साडेनऊ हजार, नागपूरच्या भंगारातलं जुनं अडीच हजार. घ्या लागते का खरंच? का आणखी काही पाहू?


डिझेलचा_वास (दारव्हा)

भाऊ, डॅशबोर्डवर एक जोराची थाप मारून पाहा. माह्या गाडीत लिंबू-मिरची बांधली तेव्हापासून मीटर एकदाही बंद पडलं नाही. तशी गाडीच बंद आहे दिवाळीपासून.


जुना_फोरमन (निवृत्त, अकोला)

थट्टा बाजूला ठेवू. मी ३१ वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली बहुतेक केबलच्या मीटरवर. तुमचं मीटर तसं नाही, पण तपासायची रीत तीच आहे. आधी हे पाहायचं की काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही थांबतात की एकच.

केबलच्या मीटरमध्ये गिअरबॉक्सवरची छोटी प्लास्टिकची गरारी केबल फिरवते, केबल मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकावर अॅल्युमिनियमची वाटी असते. ती चुंबकाला कुठेच टेकलेली नसते, चुंबक फिरलं की वाटीत वीज घुमते आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. काटा त्या वाटीवर बसवलेला, आणि त्याला मागे खेचायला केसाएवढी स्प्रिंग. आकडे मात्र दात्यांवर चालतात. म्हणून आकडे फिरतात आणि काटा मेला, तर दोष वर मीटरमध्ये. दोन्ही मेले, तर खाली पाहा, केबल तुटली किंवा गरारी झिजली. काटा थरथरतो आणि चिमणीसारखा चीं-चीं आवाज येतो, तर केबल कोरडी किंवा कुठेतरी मुडपली आहे. आमच्याकडची पोरं कौतुकाने केबलला वरपर्यंत ग्रीस फासायची. ते फिरत फिरत मीटरच्या डोक्यात चढायचं आणि वाटी चिकटायची. वरचं टोक वीतभर कोरडंच ठेवायचं असतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

तुमच्याकडे काटा आणि आकडे दोन्ही एकदम जातात आणि एकदमच परत येतात. याचा अर्थ मीटरपर्यंत खबरच पोचत नाही. मीटर बदलून पैसे घालवू नका. मीटरच्या मागचा कप्लर (वायरींचा जोड-प्लग) आणि अर्थिंग तेवढं एकदा हलवून पाहा. तिथे ढिलं असेल तर त्याच वेळी डिझेलचा काटा आणि दिवेही लुकलुकतील. लुकलुकतात का?


संत्रावाला

नाही काका, डिझेलचा काटा, टेम्परेचर, दिवे सगळं ठणठणीत. फक्त स्पीड आणि किलोमीटर.


टायर_पंक्चर_२४_तास (कारंजा लाड)

टायर कोणते आहेत? मागे माह्याकडे एक जण आला होता, मीटर कमी दाखवते म्हणून. २१५/७५ आर १५ च्या जागी त्यानं २३५/७५ आर १५ टाकले होते. पहिल्याचा एक फेरा सव्वादोन मीटरच्या जरा आत, २.२१. दुसऱ्याचा २.३०. मीटर बिचारं फेरे मोजते, त्याले काय माहीत टायर मोठा झाला. ६० दाखवलं की खरी गाडी साडेबासष्टनं पळून राहिली.


संत्रावाला

टायर कंपनीच्याच मापाचे आहेत दादा. आणि कमी नाही दाखवत, दाखवतच नाही.


वायरमन_पोट्टा (मोर्शी)

संत्रावाले भाऊ, मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, आपल्या बाजूचाच आहे. तीन गोष्टी सांगा.

काटा नेमका चढावर पडते की खड्ड्यात? चढ चढताना काटा पडला की क्लच दाबून पाहा, लगेच उठते का? आणि गाडीले स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरल्या वेगाच्या वर जाऊ न देणारा डबा, बाहेरून बसवलेला आहे का?


संत्रावाला

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून आज मुद्दाम ध्यान ठेवलं. पुलानंतर रस्ता वर चढते, तिथंच पडला. तिसऱ्या गिअरमध्ये होतो, लोड होता. क्लच दाबला आणि काटा टण्णकन ३५ वर! क्लच सोडला, अॅक्सिलेटर दिला, पुन्हा शून्य. चार वेळा करून पाहिलं. बाजूले बसलेला हमाल म्हणे, मालक, झोप येऊन राहिली का, मी चालवू का.

आणि गव्हर्नर आहे. ८० चा. पासिंगच्या वेळी बाहेरून बसवला होता, चार-पाच वर्षं झाले.


वायरमन_पोट्टा (मोर्शी)

मग मीटर घेऊ नका आणि भंगारातही जाऊ नका. तुमचा दोष मले इथूनच दिसून राहिला.

इंजिन आणि गिअरबॉक्स चेसिसवर रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. लोडवर जोर दिला की इंजिन एका बाजूले कलते. क्लच दाबला की जोर जाते, इंजिन जागेवर येते. सेन्सर गिअरबॉक्सवर, म्हणजे तो इंजिनासोबत हलते. वायर मात्र चेसिसले बांधलेली. रबर चांगलं असलं तं हलणं थोडंसं. रबर फाटलं असलं तं वायरले हिसका बसते, आणि त्या वायरीत कुठं जोड असला तं तो जोड उघडते. रिकाम्या गाडीत जोर कमी लागते म्हणून त्रास कमी. मेकॅनिकनं सेन्सर बदलताना वायर हलवली, जोड दोन दिवस बसला, पुन्हा उघडला. सेन्सर बहुतेक जुनाही चांगलाच होता, फेकला नसेल तं मागून घ्या.

जोड कुठून आला? गव्हर्नरले गाडीचा वेग कळा लागते, तो त्याच सेन्सरच्या सिग्नलच्या वायरीतून घेते. लावणारा घाईत असला की वायर सोलते, दुसरी गुंडाळते, वरून काळी टेप. चार पावसाळे झाले की झालं.

आता करा असं. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दगड, मागचं एक चाक जॅकवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. जॅकच्या भरवशावर खाली घुसू नका, लाकडी ठोकळा द्या. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरच्या कप्लरमध्ये तीन वायरी असतील, एक सप्लाय, एक अर्थिंग, एक सिग्नल. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) डीसीवर ठेवून काळी टोक अर्थिंगले, लाल टोक सिग्नलले मागून टोचा आणि कोणाले तरी चाक हळूहळू फिरवाले सांगा. आकडा शून्याजवळून वर, पुन्हा खाली असा उड्या मारला की सेन्सर पास. मग तोच सिग्नल मीटरच्या मागे पाहा. खाली येते आणि वर येत नाही, तं मधली वायर. सिग्नलच्या वायरले बल्बवाला टेस्टर लावू नका, सेन्सर उडते.

माउंटिंगसाठी बोनेट उघडा, इंजिन चालू, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाकून क्लच अर्धा सोडा. गाडीसमोर कोणाले उभं करू नका, बाजूनं पाहा. इंजिन एकीकडून बोटभर उचलते तं ठीक, मूठभर उचलते तं रबर गेलं.

आणखी एक. वायर सापडली की रागानं गव्हर्नरची तोडून टाकू नका. पासिंगले तेही पाहतात.


जुना_फोरमन (निवृत्त, अकोला)

पोरा, क्लच दाबायला लावलंस हे फार आवडलं. वर्कशॉपमध्ये असतास तर तुला चहा पाजला असता.


संत्रावाला

मंडळी, सापडलं.

काल माल नव्हता. दुपारी गाडी अंगणात घेतली, पोट्टा मोबाइलचा टॉर्च धरून बसला, मी पोतं टाकून खाली. सेन्सरपासून हातभर मागे वायरीच्या गुच्छात एक जागा जाड लागली, अजगरानं उंदीर गिळल्यासारखी. टेप नखानं ओढली तं गोंद काळ्या गुळासारखा हातालेच आला. आत तीन वायरींपैकी एक मधात सोललेली, तिच्यावर दुसरी बारकी वायर पीळ देऊन गुंडाळलेली, ना डाग (सोल्डर), ना काही. तांबं मोरचुदासारखं निळं-हिरवं पडलेलं. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो फवाऱ्याच्या ड्रममध्ये बुचकळून काढल्यासारखं. मूळच्या वायरीचे सगळे तार तुटलेले, एकच केसासारखा तार अडकून होता. त्या एका तारेवर माहा महिन्याचा हिशोब लटकून होता.

मल्टिमीटर नाही माह्याकडे, पण जॅकवरचं चाक फिरत असताना हातानं वायर ओढली की काट्याकडे पाहणारा पोट्टा वरून ओरडे, 'बाबा, गेला!' सोडली की 'आला!' असं पाच-सहा वेळा झाल्यावर त्याची आई बाहेर आली, काय चाललं म्हणून.

माउंटिंगही पाहिलं. डाव्या बाजूचं रबर मधातून फाटलेलं, आत चेपटं झालेलं. गिअर टाकताना धडका बसत होत्या त्या मी क्लच प्लेटच्या समजत होतो.

संध्याकाळी गावातल्या मोटारपंपवाल्याकडून डाग द्यायचा कैया आणला. हिरवं तांबं इंचभर कापून टाकलं, तेवढाच नवा तुकडा जोडला, डाग दिला, गव्हर्नरची वायरही तिथंच डाग देऊन घेतली. वरून रबरी नळी सरकवून मग टेप. वायर थोडी ढिली ठेवून बांधली, म्हणजे इंजिन हललं तरी ओढ नाही. माउंटिंगचं रबर मोर्शीहून मागवलं, मजुरीसकट साडेअकराशे. सेन्सरचे पैसे गेलेच, जुना सेन्सर मेकॅनिक म्हणे कुठं ठेवला आठवत नाही.

आज पहाटे ६० क्रेट घेऊन गेलो. पुलानंतरचा चढ आला तेव्हा रस्त्याकडे कमी आणि काट्याकडेच जास्त पाहत होतो. ३५, ३४, ३२. जागचा हलला नाही. काटोलच्या पुढं मोबाइलशी ताडून पाहिलं, मीटर ६० तं मोबाइल ५७.


वायरमन_पोट्टा (मोर्शी)

३ चा फरक राहू द्या, कारखान्यातूनच थोडं जास्त दाखवेल असं लावलेलं असते. बुडालेले किलोमीटर मात्र मीटरमध्ये परत येणार नाही, इंजिन ऑइल बदलताना तेवढे अंदाजानं धरजा.


संत्रावाला

हाव, वीस फेऱ्यांचे धरून डायरीत लिहून ठेवले. आज घरी येऊन मीटरवर फेरीचे २२८ झाले. फोटो काढून व्यापाऱ्याले पाठवला, खाली मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं. चार तास झाले, निळी टिक आली आहे, उत्तर नाही.